नद्यांच्या हिशोबाने

लांबच्या सायकल प्रवासाची आखणी सहसा आकड्यांपासून सुरू होते. एकूण अंतर, रोजचं अंतर, मुक्कामाचं गाव. सोलापूर ते हंपी हा प्रवास एकटीने करायचं पक्कं झालं तेव्हा मीही आधी मोबाइलवर अंतरच पाहिलं. हंपीजवळच्या होसपेटपर्यंत तीनशे किलोमीटरच्या आसपास. पण त्या आकड्यावरून मला काही दिसेना. मग एक मोठा कागद घेतला आणि त्यावर फक्त नद्या काढल्या. सीना, भीमा, डोण, कृष्णा, मलप्रभा, तुंगभद्रा. रस्ता नंतर ओढला आणि गावांची नावं सगळ्यात शेवटी लिहिली. दख्खनच्या पठारावर सायकल चालवायची असेल तर आखणी नद्यांच्या हिशोबानेच करावी, असं आता माझं ठाम मत आहे. ते का, ते सांगते.

पठार म्हटलं की लोकांना सपाट जमीन वाटते. मोटारीत बसून विजापूरला जाणाऱ्याला तर रस्ता सपाटच भासतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे, विजापूर सहाशेच्या आसपास. शंभर किलोमीटरमध्ये दीडशे मीटर चढायचे, म्हणजे काहीच नाही, असं कागदावर वाटतं. पण मध्ये भीमा आहे. आधी तिच्या पात्रापर्यंत उतरायचं, मग उतरलेलं सगळं पुन्हा चढायचं आणि त्याच्यावर आणखी चढायचं. हा चढ कुठेही उभा नाही. डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. मांड्यांना मात्र कळतो, आणि दोन-दोन तास कळत राहतो.

दोन नद्यांच्या मध्ये पाणलोटाची एक रेषा असते. तिच्या अलीकडे पडलेला पाऊस एका नदीला जातो, पलीकडे पडलेला दुसरीला. नदीच्या जवळ ऊस असतो, केळी असतात, लिंब-चिंचेची झाडं असतात, चहाची टपरी असते, माणसं असतात. त्या रेषेवर माळ असतो. सावली नाही, पाणी नाही, आणि वाऱ्याला अडवायला कुसळाशिवाय काही नाही. एवढं कळलं की दिवसाचं वेळापत्रक आपोआप मांडलं जातं. पहाटे नदीकाठच्या गावातून बाटल्या भरून निघायचं, ऊन चढायच्या आत माळ ओलांडायचा आणि दुपार पुढच्या नदीच्या उतारावर कुठेतरी झाडाखाली काढायची. कोणत्या गावाला किती वाजता पोचायचं, हा प्रश्नच उरत नाही.

पाण्याचा हिशोब सोलापूरच्या माणसाला शिकवावा लागत नाही. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथल्या घरात लहान मुलालाही कळतं की भरलेला पिंप किती दिवस पुरवायचा. या गावाचं दैवतसुद्धा पाण्याशी जोडलेलं आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी इथे तलाव खोदवला आणि लोकांना त्या कामाला लावलं. त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाच्या उंच काठ्या पाहायला लाखो लोक येतात, पण त्या देवळाच्या चारी बाजूंचं पाणी हीच सिद्धरामेश्वरांची सगळ्यात मोठी कामगिरी, असं मला नेहमी वाटत आलं आहे. माझ्या प्रवासाच्या तयारीत मी सर्वात जास्त वेळ घालवला तो पाण्यावरच. सायकल चालवताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, उन्हात त्याहून जास्त. पिण्यासाठी तहान लागायची वाट पाहायची नाही. नुसतं पाणी पीत राहिलं आणि घामावाटे गेलेलं मीठ भरून काढलं नाही, तर पोटऱ्यांत पेटके येतात आणि डोकं जड होतं. म्हणून दोन बाटल्या साध्या पाण्याच्या, एक मीठ-साखर-लिंबाची, आणि मागच्या पिशवीत जास्तीची एक.

सायकलची तयारी सोलापुरातल्याच विजापूर वेशीजवळच्या एका चाचांकडे झाली. माझे वडील, अण्णा, लक्ष्मी-विष्णू मिलला कामाला होते तेव्हापासूनची त्यांची ओळख. त्या काळी पाळी सुटली की भोंगा व्हायचा आणि रस्ताभर काळ्या, एका गिअरच्या सायकलींचा लोंढा निघायचा. चाचांनी त्या सायकलींवर हात बसवला आणि आता माझ्यासारख्यांच्या गिअरच्या सायकलींची स्पोकही तितक्याच शांतपणे आवळतात. मी जरा रुंद, पस्तीस मिलिमीटरचे टायर घातले. ट्यूबचा व्हॉल्व्ह मुद्दाम मोटरसायकलसारखा जाड घेतला, कारण बारीक व्हॉल्व्हला बसणारा पंप खेड्यातल्या दुकानात मिळत नाही आणि पेट्रोल पंपावरची हवाही भरता येत नाही. दोन जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, चेनची जोडकडी, चार स्पोक. हे सगळं बांधून झाल्यावर चाचा म्हणाले, "ताई, सायकल महागाची आहे म्हणून सराटा काय सोडत नाही. रोज रात्री टायरवर हात फिरवा. आत घुसायच्या आधी काढा."

सराट्याबद्दल आणखी थोडं लिहायला हवं, कारण आपल्याकडे सायकल चालवणाऱ्याचा खरा वैरी तोच. पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला जमिनीलगत पिवळ्या फुलांचा हा वेल पसरतो, आणि वाळला की त्याची काटेरी फळं कडेच्या मातीत विखुरतात. कसंही पडलं तरी एक काटा वर राहतो, अशीच त्या फळाची घडण आहे. ट्रकला वाट द्यायला डांबरावरून खाली उतरलं की टायरला चार-दोन चिकटलेच. वेड्या बाभळीचा काटा लांब असतो, तो दिसतो तरी. सराटा टायरमध्ये मोडतो आणि नवीन ट्यूब घातली की तिलाही भोक पाडतो. म्हणून ट्यूब बदलताना टायरच्या आतून बोटं फिरवणं हे हवा भरण्याइतकंच महत्त्वाचं. सायकल कोपऱ्यात उभी करताना मी अजूनही टायर चाचपते.

एकटीने जायचं म्हटल्यावर घरात जे झालं ते कुठल्याही घरात होईल. आई दोन दिवस काही बोललीच नाही. मग तिने एकच विचारलं, "रात्री कुठं राहणारेस, ते आत्ता लिहून दे." मी लिहून दिलं. विजापूरला लॉज, पुढे कूडलसंगमला देवस्थानची खोली, इलकलला ओळखीच्या विणकरांचं घर, मग होसपेट. अंधार पडल्यावर सायकल चालवायची नाही, हे वचनही दिलं. ते केवळ बाई म्हणून नव्हे. गाळपाच्या हंगामात आपल्या भागातल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. त्यांना मागे दिवा असेलच असं नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. पण बाई म्हणून ज्या गोष्टी लागतात त्याही लिहिते, कारण मला त्या कुणी सांगितल्या नव्हत्या. स्वच्छतागृहासाठी पेट्रोल पंप नकाशावर आधी खुणावून ठेवावेत, मोठे आणि वर्दळीचे. मुक्कामाच्या गावी उजेडात पोचावं. कुणी "एकटीच का?" विचारलं तर खरं उत्तर देण्याची सक्ती नसते. "पुढे घरची माणसं आहेत" एवढं पुरतं.

बोलणं सुरू झालं तशी आई कामाला लागली. तिने ज्वारीच्या कडक भाकऱ्या केल्या, कागदासारख्या पातळ, उन्हात वाळवलेल्या. सोबत शेंगा चटणीची पुडी. लांबच्या प्रवासासाठी परदेशी पाकिटातले बार घेऊन जाणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी एकदा कडक भाकरी नेऊन पाहावी. दोन आठवडे खराब होत नाही, वजन नाही, आणि चटणीत शेंगदाणा, मीठ, लसूण, तिखट सगळं आलं. म्हणजे तेल, मीठ आणि ताकद एकाच डब्यात. या भागातल्या माणसांनी यात्रेला, बाजाराला, शेतावर जाताना पिढ्यान्‌पिढ्या हेच नेलं, आणि ते विचार करून नेलं.

डिसेंबरात निघाले. थंडीत आपल्याकडे वारा ईशान्येकडून येतो, म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याच्या डाव्या पाठीवर. पावसाळ्यात हाच प्रवास केला तर नैर्ऋत्येचा वारा सतत उजव्या गालावर येतो आणि उतारावरही पायडल मारावं लागतं. हिवाळ्यात दिवस लहान, हे खरं. सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पण उजाडता उजाडता निघालं तर चार-पाच तास चांगले मिळतात.

विजापूर वेस ते सोरेगाव हे अंतर रोजच्या ओळखीचं, त्यामुळे तिथे काही जाणवलं नाही. शहर मागे पडलं आणि रस्ता हलकेच उतरू लागला. हत्तूर गेलं की वडकबाळजवळ सीना लागते. पुलावर सायकल थांबवून खाली पाहिलं. पात्र शांत, थोडकं पाणी. याच सीनेला सप्टेंबर २०२५मध्ये असा पूर आला की हा महामार्ग बंद ठेवावा लागला, आणि वर लांबोटीजवळ पुण्याचा रस्ताही. काठावरच्या बाभळींच्या वरच्या फांद्यांत अजून चिंध्या आणि वाळलेलं गवत अडकलेलं होतं. पर्जन्यछायेतला जिल्हा म्हणून आम्ही वर्षानुवर्षं दुष्काळाचंच बोलत आलो. त्या फांद्यांची उंची पाहिल्यावर मला कळलं की ज्या नदीवर आपण इतक्या वेळा गाडीतून गेलो तिची आपली ओळखच नव्हती.

तेरा मैल नावाचं ठिकाण ओलांडल्यावर पुन्हा थोडा माळ, आणि मग भीमा. टाकळी. हा पूल माझ्यासाठी या प्रवासातली सगळ्यात मोठी जागा ठरला, हंपीपेक्षाही. उजनी धरणातून सोडलेलं पाणी पंढरपूरवरून नदीच्या पात्रातून वाहत खाली येतं आणि याच भागातल्या औज बंधाऱ्यात अडवलं जातं. तिथून टाकळीची योजना ते उपसून सोलापूरला आणते. म्हणजे माझ्या घरातल्या पिंपातलं पाणी. लहानपणापासून "औजमधलं पाणी संपत आलं", "उजनीतून आवर्तन सोडलं" ही वाक्यं मी वर्तमानपत्रात वाचत आले. सायकलवर तिथवर जायला मला एक सकाळ लागली, आणि शहराकडून नदीकडे आपण एकूणात उतरत आलो आहोत हे पायांना माहीत होतं. म्हणजे हे पाणी तेवढंच चढून वर घरापर्यंत येतं. चाळीसेक किलोमीटरचा तो चढ विजेवर ढकलत आणलेलं पाणी आपण अंगणात सडा घालायला वापरतो. हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही. पण पायाने कळणं वेगळं.

पूल ओलांडला की धूळखेड, कर्नाटक. पाट्यांवरची लिपी बदलते, बाकी काहीच बदलत नाही. मंद्रूपच्या बाजारात कन्नड ऐकलेली असते, धूळखेडच्या टपरीवर मराठी. ज्वारी तीच, काळी रेगड माती तीच, डोक्यावरचा पदर तोच. माझ्या लहानपणी हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग तेरा होता, सोलापूरपासून थेट मंगळूरपर्यंत. आता क्रमांक बदलले, रस्ता चौपदरी झाला, आणि गावांना वळसे पडले. सायकलवाल्याने ते वळसे घेऊ नयेत. गावातून जाणारा जुना रस्ता धरावा. अंतर तेवढंच असतं, आणि चहा, पाणी, सावली, माणूस सगळं जुन्या रस्त्यावरच राहिलेलं असतं.

झळकी ते होर्ती हा भीमा आणि डोण यांच्यामधला माळ. इथे मी खरोखर एकटी होते. एकटेपणाबद्दल लोक फार गंभीर प्रश्न विचारतात, भीती वाटली का, कंटाळा आला का. त्या माळावर माझ्या डोक्यात पहिला तासभर घरचे, ऑफिसचे विचार होते. मग ते संपले. उरलं ते एवढंच: वारा कुठून आहे, पुढची चढण किती, पाणी किती उरलं, गुडघा काय म्हणतो. सोबत कुणी असेल तर हे प्रश्न वाटले जातात. एकटीला प्रत्येकाचं उत्तर स्वतः द्यावं लागतं आणि ते लगेच खरं-खोटं ठरतं. गेल्या कित्येक वर्षांत माझे इतके निर्णय इतक्या सरळ माझे नव्हते. होर्तीला एका टपरीवरच्या बाईंनी सायकल, पिशव्या, मग मी असं क्रमाने पाहिलं आणि विचारलं, "ओब्बरेना?" मी मान हलवली, एकटीच म्हणून. त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत आणि बाटल्या आतल्या माठातून भरून दिल्या.

विजापुरात सगळे गोल घुमट पाहतात. तो पाहावाच, मुहम्मद आदिलशहाची ती कबर १६५६मध्ये पुरी झाली आणि तिच्याएवढा घुमट तेव्हाच्या जगात फार थोड्या ठिकाणी होता. पण मी जास्त वेळ ताजबावडी या जुन्या विहिरीच्या कमानीपाशी काढला. माळावर वसवलेली राजधानी. तिला पाणी आणण्यासाठी आदिलशाहीने तलाव बांधले, जमिनीखालून नळ घातले, पाण्याचा दाब सांभाळणारे उंच बुरूज उभारले, विहिरींना राजवाड्यासारखी दारं दिली. दिवसभर माळावरून येणाऱ्याला त्या दारांचं वैभव बरोबर समजतं.

विजापूरच्या दक्षिणेला डोण नदीचं खोरं सुरू होतं. नदी लहान, उन्हाळ्यात तिचं पाणी खारं, पण तिची काळी जमीन म्हणजे ज्वारीचं माहेर. डोण पिकली तर गल्लोगल्ली जोंधळा, अशी तिकडे म्हण आहे. मी गेले तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढी ज्वारी उभी होती आणि मैलभर तोच हिरवा रंग. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीवर वाढलेल्या माणसाला ते पाहून भरून येतं, दुसरा शब्द नाही.

इथून पुढचा रस्ता माझ्या मनात सिद्धरामेश्वरांचा आहे. महामार्गापासून थोडं आत बागेवाडी, बसवण्णांचं जन्मगाव मानलं जाणारं. पुढे आलमट्टीचं धरण, ज्याची पायाभरणी १९६४मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली आणि ज्याच्या जलाशयाला त्यांचंच नाव आहे. आणि त्याच्या खाली कृष्णा-मलप्रभेचा संगम, कूडलसंगम, जिथे बसवण्णांचं ऐक्यस्थळ आहे. आता तो भाग नारायणपूर धरणाच्या फुगवट्यात येतो, म्हणून समाधीभोवती विहिरीसारखी भिंत बांधली आहे आणि पाण्याच्या पातळीखाली जिन्याने उतरून दर्शन घ्यावं लागतं. सोलापूरचे सिद्धराम संत अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला गेले आणि बसवण्णांच्या शरणांमध्ये, म्हणजे अनुयायांमध्ये मिसळले, अशी परंपरा आहे. तलाव खोदणारा तो माणूस, आणि चारी बाजूंनी पाण्याने वेढलेलं हे स्थळ. रात्री तिथल्या दासोहात, म्हणजे अन्नछत्रात जेवले. ज्वारीची रोट्टी, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी, आणि शेंगा चटणी. घरची चटणी पिशवीत होती, तरी वाढणाऱ्या आजीकडून दुसऱ्यांदा मागून घेतली.

इलकलला मी पोचले ते पंक्चर काढून, हातांना काळं लागलेलं. ज्यांच्याकडे उतरले त्या घरात मागावर साडी चढलेली होती. अंग सुताचं, पदर रेशमाचा, आणि दोन्हींचे धागे अडकवून जोडण्याची ती इलकलची खास रीत. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात चादरी आणि टॉवेल, इथे साड्या. मालाच्या दराबद्दल आणि मजुरीबद्दल त्यांचं बोलणं अगदी आमच्या गल्लीतलं होतं. त्यावर स्वतंत्रपणेच लिहावं लागेल.

कुष्टगीपासून पुढचा टप्पा उन्हाचा, मोठ्या ट्रकांचा आणि खडकांचा. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की तीन बाटल्या पुरल्या नाहीत, चौथी लागली. मग डाव्या-उजव्या बाजूला गोल दगडांचे ढीग दिसू लागले आणि पुढे तुंगभद्रेचा जलाशय.

हंपीत देवळं खूप पाहिली, पण तुर्तु कालव्याच्या कडेने सायकल नेली तो तास मला सर्वांत मोलाचा. विजयनगरच्या काळात नदीला बांध घालून काढलेला हा कालवा आजही वाहतो आणि त्याच्यावर आजही भात आणि केळी उभी आहेत. साम्राज्य १५६५नंतर मोडलं. त्याचे हत्तीखाने, राण्यांचे महाल पाहायला तिकीट काढावं लागतं. पाणी मात्र अजून रोज सकाळी शेतात जातं, आणि बायका त्यात खुरपी धुऊन घरी निघतात.

परतताना सायकल पार्सल म्हणून गाडीत टाकली. त्यासाठी गाडीच्या वेळेआधी दोन तास स्टेशनवर जावं, पायडल काढून पिशवीत घ्यावेत, आणि नाव-पत्ता लिहिलेलं पुठ्ठ्याचं लेबल दोन ठिकाणी बांधावं. गदगकडून होटगीला येणारी गाडी आलमट्टीजवळ कृष्णा ओलांडते आणि शेवटी भीमा. खिडकीतून दोन्ही पाहिल्या.

आता टेबलावर दुसरा कागद आहे आणि त्यावर सीना काढते आहे, उलटी, वडकबाळपासून नगरकडच्या उगमापर्यंत. मोहोळ, माढा, करमाळा. पुराने जी गावं धुतली गेली ती याच काठाची. रस्ते अरुंद आहेत आणि गाळप सुरू झालं की ट्रॉल्यांनी भरतात, हंगाम संपेपर्यंत ऊन कडक होतं, आणि पावसाळ्यात वारा तोंडावर. दसऱ्यापासून कारखाने पेटेपर्यंतचे काही आठवडे तेवढे मधे उरतात. रजेचा अर्ज त्या हिशोबाने दिला आहे.